सहा तेराची हजेरी

मी संशयी आहे, असं माझा मुलगा म्हणतो. म्हणू दे. बाटल्यांच्या कारखान्याच्या गेटवर अठ्ठावीस वर्षं हजेरीचं मस्टर सांभाळलं की माणूस संशयी होत नाही, जागा होतो. सकाळी सातचा भोंगा झाला की पाच मिनिटांची सवलत, आणि सहाव्या मिनिटाला लाल शाई. सायकल पंक्चर झाली, पोरगं तापलंय, बस हुकली, हे सगळं मी नीट ऐकून घ्यायची आणि मग नावापुढे लाल खूण करायची. कामगार पाठीमागे मला घड्याळबाई म्हणायचे. माझा नियम एकच होता, गेटच्या आत पाऊल पडलं तरच हजर. भट्टीवर काम करणारी एक बाई होती, ती रोज पावणेसातलाच यायची, पण गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायची आणि भोंग्यानंतर सात-आठ मिनिटांनी आत शिरायची. बाई, मी केव्हाची इथंच आहे की, म्हणायची. कट्ट्याला हजेरी नसते, असं मी तिला सांगायची. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक खोटी नोंद झाली नाही. हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

आता सुनेबद्दल सांगायचंय, तर हे आधी सांगणं भाग होतं.

माझी सून रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये बसते. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच, कानाला हेडफोन, समोर नकाशा. लोक फोन करून रडतात, ओरडतात, शिव्या देतात, आणि ही पहिलं वाक्य एकच बोलते, "पत्ता सांगा." मग मजला, खूण, पेशंटचा श्वास चालू आहे का. गाडी दारात पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही, असा तिथला नियम. घरातही तिने तो पाळला. लग्नाला बारा वर्षं झाली, मी तिच्या तोंडून चढा शब्द ऐकला नाही. सुरुवातीला मला वाटलं, पोरगी घुमी आहे. मग वाटलं, मुरलेली आहे. चांगली आहे असं वाटायला मला बरीच वर्षं लागली, आणि तसं वाटायला लागलं तेवढ्यात हे प्रकरण उपटलं.

घरात आम्ही पाच माणसं. मुलगा छापखान्यात मशीनवर आहे, पाचला घरी येतो आणि सोफ्यावर असा पसरतो की जणू छापखाना डोक्यावर उचलून आणलाय. माझाच मुलगा, म्हणून सांगते, स्वतःचे मोजे शोधायला त्याला बायको लागते. नात अकरा वर्षांची, नातू सहाचा. आणि मी, माझे गुडघे आणि माझ्या गोळ्या. सून दारात आली की सगळ्यांना एकदम कंठ फुटायचा. माझा निळा शर्ट कुठंय, गणिताचं पुस्तक कुठंय, दूध संपलंय का, माझी दुपारची गोळी मी घेतली होती का. हो, हा शेवटचा प्रश्न माझा. ती चपला काढता काढता सगळ्यांना उत्तरं द्यायची. चहा गार करून उभ्यानेच प्यायची, तीन चमचे साखर घालून, आणि डबा अर्धा परत आणायची. बायकांचं असंच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

तर दोन महिन्यांपूर्वी माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या खिडकीतून बसथांबा दिसतो. तिची बस सहा दहाला येते. ती उतरते, रस्ता ओलांडते, सहा तेराला आमच्या इमारतीत शिरते. आम्ही चौथ्या मजल्यावर. लिफ्टने एक मिनिट, जिन्याने फार तर तीन. म्हणजे सहा सोळाला बेल वाजली पाहिजे. बेल वाजायला लागली सहा पस्तीसला, कधी सहा सदतीसला.

पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी नुसतंच विचारलं, आज बस उशिरा आली का ग? ती म्हणाली, हो आई, फार गर्दी होती. मी बस डोळ्यांनी पाहिली होती. अर्धी रिकामी होती.

खोटं बोलणारं माणूस मी लांबून ओळखते. गेटवर तोच धंदा होता माझा. खरा उशीर झालेला माणूस धापा टाकत येतो. ही तर शांत चेहऱ्याने यायची, केस नीट, श्वास नीट. उशीर होऊनही माणूस ताजंतवानं दिसलं की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मी नातवाची एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, इमारतीत, दारात, मधली मिनिटं. अकरा दिवस डोळ्यांत तेल घालून नोंदी केल्या. एकवीस, तेवीस, बावीस, तेवीस. वर आणखी बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. त्या वेळात फोन लावला तर बंद. जी बाई दिवसभर दुसऱ्यांचे फोन उचलते, तिचा स्वतःचा फोन बंद! कपड्यांना पाठीवर चुन्याचा पांढरा पट्टा. चहातली साखर तीन चमच्यांवरून एकावर आली. आल्या आल्या आधी ग्लासभर पाणी. डबा रिकामा. एकदा तर भांडी लावताना गुणगुणत होती. मुलाला म्हटलं, तुझी बायको बदलतेय, लक्ष आहे का? तो म्हणाला, बरं आहे की. अशा माणसापुढे काय डोकं आपटणार.

मग तो कागद सापडला. पर्स उघडी पडली होती, असं मी मुलाला सांगितलं. उघडी नव्हती. आतल्या कप्प्यात घडी केलेला चिटोरा होता, अक्षर घाईचं, ओळखीचं नाही. "रोज वीस मिनिटं, चुकवायची नाहीत. कुणाला हिशेब द्यायचा नाही." खाली कुणाची तरी वेडीवाकडी सही. माझ्या पायाखालची वाळूच सरकली. रोज काय? कुणाबरोबर? आणि हिशेब द्यायचा नाही म्हणजे? ज्या घरात मी बसलेय, त्या घरात हिशेब द्यायचा नाही?

दुसऱ्या दिवशी सहा तेराला ती इमारतीत शिरलेली पाहिली आणि मी दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. गुडघे बोंबलत होते. लिफ्टचा आवाज आला नाही. जिन्यावर पावलंही वाजली नाहीत. आणि एकदम ती दिसली. चपला हातात, अनवाणी, आमच्याच दारावरून पुढे गेली. स्वतःच्या घराच्या दारावरून, चोरासारखी, आणि वर चढली.

वर पाचवा मजला. तिथे एका घराला कायम कुलूप असतं, ते लोक परगावी. दुसऱ्यात चष्मेवाला राहतो. खाली चौकात दुकान आहे त्याचं. एकटा आहे, वय पन्नाशीच्या आतलं, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि येता-जाता सगळ्यांना हसून नमस्कार करतो. मला हसणारी माणसं कधीच आवडली नाहीत.

आता कुणी शहाणं म्हणेल, चार पायऱ्या चढून बघायचं होतं. नाही बघितलं. गुडघ्यांचं कारण मी सगळ्यांना सांगते, पण खरं सांगायचं तर मला गरज वाटली नाही. आमच्या खात्यात साक्षीदार लागत नाही, मस्टर लागतं. आणि मस्टर माझ्याकडे होतं.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो. सून वाढत होती. मी वही ताटाशेजारी ठेवली, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तारीख अमुक, इमारतीत सहा तेरा, दारात सहा छत्तीस. तारीख तमुक. मुलाने घास तसाच हातात धरला. नात आईकडे बघत होती. अकराच्या अकरा नोंदी मी वाचल्या, एकही गाळली नाही, आणि मग विचारलं, "ही तेवीस मिनिटं तू कुठे असतेस?"

ती भाताचं भांडं हातात घेऊन उभी होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर भांडेल, चोर तो चोर वर शिरजोर होईल. दोन्हीसाठी माझी तयारी होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि त्या कंट्रोल रूमच्या आवाजात म्हणाली, "उद्यापासून वेळेवर येईन, आई."

बस्स. ना सफाई, ना सबब. मुलाने काय गं, कुठे असतेस, असं दोनदा विचारलं. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. मी मनात म्हटलं, झाकली मूठ आहे, कधीतरी उघडेल.

दुसऱ्या दिवशी सहा सोळाला बेल वाजली. तिसऱ्या दिवशीही सहा सोळा. पुढे रोज. मी वहीत सुबक अक्षरात लिहीत गेले. मधली मिनिटं: तीन. गेटवर एखादा उशिरा येणारा सुतासारखा सरळ झाला की छाती जशी फुगायची, तशी माझी फुगली होती. दारात पुन्हा पहिल्यासारखी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. चहात साखर पुन्हा तीन चमचे झाली. डबा पुन्हा अर्धा यायला लागला. गुणगुणणं बंद. एकदा गॅसवर दूध ठेवून ती समोरच उभी होती आणि दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गेलं, तरी ती तिथेच उभी. मला हे सगळं दिसत होतं. पण मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला. म्हटलं, चोरी पकडली गेली, म्हणून उदास आहे. तिकडचं सुटलं, म्हणून झुरतेय. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, ते खोटं नाही.

नववा दिवस. सहा सोळाला ती आली. मुलगा आतून ओरडला, वीजबिलाची पावती कुठंय. नात वही घेऊन पुढे. मी माझ्या गोळीचं विचारलं. तेवढ्यात नातू जिन्यात पडला आणि रडत वर आला. गुडघा फुटलेला, रक्त पोटरीवर ओघळलेलं. तो सरळ आईपुढे जाऊन उभा राहिला आणि आई आई करत गळा काढून रडायला लागला.

ती त्याच्याकडे बघत होती. वाकली नाही. हात पुढे केला नाही. सपाट आवाजात म्हणाली, "पत्ता सांगा."

पोरगं रडता रडता थांबलं.

"रडू नका. आधी पत्ता सांगा. कुठला मजला?"

आणि त्या सहा वर्षांच्या पोराने, हरवल्यावर सांगायला शाळेत शिकवतात ना, तसं हुंदके देत आमच्या घराचा पत्ता सांगितला. इमारत, मजला, दाराचा नंबर, सगळं बरोबर. कुणाला तर स्वतःच्या आईला.

मग तिचं तिलाच कळलं. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी भिंतीला धरून उठले. ती दाराशीच खाली बसली, पोराला कुशीत घेतलं. मुलगा बाहेर आला तो पावतीबद्दल विचारायचं विसरूनच गेला. मी माझं रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. माझ्याच गोळ्यांसाठी घेतलेलं, दुसऱ्या कुणाच्या दंडाला कधी लावावं असं सुचलंच नव्हतं. तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बहात्तर, एकशे आठ. माझं सत्तरीतलं रक्त याच्यापेक्षा शहाणं आहे.

मुलाला म्हटलं, पोराचा गुडघा धू. औषधाचा डबा कुठंय, असं त्याने विचारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो डबा शोधायला स्वतः गेला.

मग ती बोलली. सरळ, एका दमात, कुणाची तक्रार न करता. महिन्यापूर्वी एका फोनवर तिचं डोकं एकदम कोरं झालं होतं. बाई तिकडून पत्ता सांगतेय, आणि हिने तीनदा विचारून चुकीची इमारत लिहिली. गाडी चार मिनिटं उशिरा पोचली. माणूस वाचला, पण ती चार मिनिटं हिच्या डोक्यातून गेली नाहीत. आठवडाभर तिला हेडफोनवरून उठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, गोळी चालू केली, खाणं-पिणं वेळेवर, साखर-मीठ कमी, लिफ्ट नको, आणि कामावरून आल्यावर रोज वीस मिनिटं अशा जागी बसायचं जिथे कुणी काही विचारणार नाही. पहिल्या तारखेला पुन्हा तपासणी. रक्तदाबाचा आकडा उतरला नाही तर हेडफोन कायमचा गेला, मग मागच्या खोलीत बसून बँडेजची खोकी मोजायची. हे ती शांतपणे सांगत होती, पण हेडफोन हा शब्द आला की तिचा हात कानाकडे जात होता. ते काम तिला आवडतं हे बारा वर्षांत मला माहीतच नव्हतं. विचारलं नव्हतं मी. मोज्यांपासून गोळ्यांपर्यंत सगळं विचारलं, हे नाही विचारलं.

म्हणजे तो चिटोरा डॉक्टरबाईंचा होता. आकडा उतरतही होता, एकशे चौसष्टवरून एकशे सेहेचाळीसवर आला होता. आणि मग मी जेवताना वही उघडली होती.

"अगं, मग सांगायचं होतंस," मी म्हटलं. मला तिचाच राग आला, खरं सांगते. स्वतःचा आला की तो आधी दुसऱ्यावर जातो, हा माझा जुना रोग.

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी विचारलं असतं, आज कसं वाटतंय," ती म्हणाली. "रोज. दारात."

मी तिच्या दंडावरचा पट्टा सोडवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी वर चढले. बसत, थांबत, कठड्याला धरून. चष्मेवाल्याच्या दारावरून आणखी अर्धा जिना गेला की गच्चीचं कुलूप लावलेलं दार आहे, आणि त्याच्यापुढे एक छोटा सपाट तुकडा. तिथे भिंतीला टेकून प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं. भिंतीचा चुना पाठीच्या उंचीला घासून गेला होता. कोपऱ्यात पाण्याची रिकामी बाटली. एवढंच. तिच्या बारा वर्षांच्या संसारात तिची म्हणून असलेली जागा ती एवढी, आणि ती आमच्या घराबाहेर.

मी स्टुलावर बसून धाप जिरवत होते, तेवढ्यात चष्मेवाला दुकानातून जेवायला आला. मला बघून दचकला. मी गेटवरच्या आवाजात विचारलं, हे स्टूल कुणाचं? त्याचंच होतं. त्याने सांगितलं की एकदा बाईंना जमिनीवर बसलेलं पाहिलं, डोळे मिटून. काही बोललो नाही, म्हणाला, दुसऱ्या दिवशी स्टूल ठेवलं. तेव्हापासून संध्याकाळी सव्वासहा ते पावणेसात तो घराचं दार उघडत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आठ-नऊ दिवस झाले, त्या आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?

ज्याच्यावर मी डूख धरून होते, त्या परक्या माणसाला जे न सांगता कळलं, ते आम्हाला एका छपराखाली राहून कळलं नाही. लाज वाटली. फार लाज वाटली. त्याला मी हसून नमस्कार केला, तेवढंच जमलं.

पहिल्या तारखेला चारच दिवस उरले होते. चार दिवसांत काय उतरणार? एकशे अठ्ठावन्न भरला. डॉक्टरबाईंनी विचारलं, मध्ये काय झालं? नऊ दिवस चुकले, एवढंच हिने सांगितलं, का ते नाही. त्यांनी आणखी एक महिना दिला, आणि हा शेवटचा, असं बजावलं. तोवर अर्धा दिवस हेडफोन, अर्धा दिवस खोकी.

त्या महिन्यात घराला मी गेटसारखं चालवलं. तीच वही, जुन्या रकान्यांना जोडून नवीन रकाने. सूनबाई आल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी प्रश्न विचारला की त्याच्या नावापुढे लाल खूण. पहिल्या आठवड्यात मुलाच्या सतरा झाल्या. नातीच्या चार. माझ्या दोन, आणि त्या मी स्वतःच्या हाताने केल्या. गोळ्यांसाठी मी वारांचे कप्पे असलेली डबी आणली, म्हणजे घेतली की नाही हे डबी सांगते. मुलाला मोजे त्याच खणात सापडायला लागले जिथे ते बारा वर्षं होते. सकाळचे डबे तो भरायला शिकला. पहिल्या दिवशी दोन्ही पोरांना एकाच भाजीचे तीन तीन डबे गेले, पण गेले. मिठाची बरणी मी वरच्या फळीवर ठेवली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. रात्रीचं जेवण सगळे एका वेळी बसून घ्यायला लागलो. ती वाढत उभी राहिली की नात तिचा हात धरून खाली बसवते. मुलावर मात्र माझी अजून नजर आहे. माणूस महिनाभर सुधारतो, खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात असते.

आणि सहा तेरा. ते प्रकरण सगळ्यात अवघड होतं, कारण नातू. पोराला कसं समजावणार की आई खाली आलीय पण वर यायची आहे, आणि वर गेलीय पण घरात यायची आहे? तो दाराशी जाऊन बसायचा, दार उघडून जिन्यात डोकावायचा. आई आली का, आई आली का. पहिले दोन दिवस मी येतेय, येतेय म्हणत राहिले. तो रडवेला व्हायचा. तिसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी होते, ती इमारतीत शिरली, पोराने विचारलं, आई आली का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आली. तो गप खेळायला लागला. आली म्हणजे झालं, त्याला तेवढंच हवं होतं. मी वही घेतली आणि लिहिलं. तेव्हापासून रोज तेच लिहिते.

परवा पहिली तारीख होती. तपासणी दुपारी चारला. आम्हाला कुणालाच आकडा माहीत नव्हता. ती फोन करणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि आपण करायचा नाही असं मी सगळ्यांना दटावलं होतं. मुलगा पाचपासून सोफ्यावर बसलाच नाही. सहा दहाला बस आली. ती उतरली. चाल नेहमीची. वरून चेहरा दिसेना. सहा तेराला इमारतीत शिरली, आणि मी भिंगाला डोळा लावून उभी राहिले. आली. चपला हातात. दारावरून गेली. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, अठ्ठावीस वर्षांचं सगळं कसब लावलं, पण पत्ता लागू दिला नाही पोरीने. माझा हात कडीवर होता. एक शब्द विचारला असता तर कळलं असतं. नाही विचारला.

मुलगा मागून आला आणि म्हणाला, मी फोन लावून विचारतो. मी त्याच्या हातावर चापट मारली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला, हो.

"आली नाही का ती अजून?" त्याने विचारलं.

"आली आहे. हजर आहे."

"कुठंय? घरात तर नाही."

"कट्ट्यावर आहे," मी म्हटलं. "कट्ट्यालाही हजेरी असते." त्याला काही कळलं नाही. त्याला कळायचं कारणही नव्हतं. भट्टीवरची ती बाई कुठे असेल, असेल की नाही, मला माहीत नाही. उन्हाळ्यात तिथे आत शिरलं की केस होरपळायचे. आत जायच्या आधी बिचारी थोडा वेळ सावलीत बसायची. तिच्या नावापुढच्या लाल खुणा आता मला खोडता येत नाहीत.

ती तेवीस मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. नात पुस्तक उलटं धरून वाचत होती. सहा छत्तीसला बेल वाजली. दार मी उघडलं. कुणी एक अक्षर बोललं नाही. नातवाने दोन्ही हातांनी धरून पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने चपला काढल्या, पाणी सगळं प्यायली, ग्लास ठेवला आणि आमच्या चौघांच्या तोंडांकडे बघून हसायला लागली. बारा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"एकशे बत्तीस," ती म्हणाली. "उद्यापासून पूर्ण दिवस हेडफोन."

मुलगा मटकन खाली बसला. टेबलावर वही उघडी पडली होती. तिने ती हातात घेतली, बोट फिरवत महिन्याची पानं बघितली. रोजचा एकच आकडा, आणि मधल्या मिनिटांचा रकाना सगळा कोरा. आजचीही नोंद झालेली होती.

"आई, हे चुकलंय," ती म्हणाली. "मी तर आत्ता आले."

"नाही," मी म्हटलं. "तू सहा तेरालाच आलीस. मस्टरमध्ये आहे."